दोन फायनली

२०२४ साली सय्यद अब्दुल रहीम यांच्या आयुष्यावरचा ‘मैदान’ हा चित्रपट आला, आणि घरातल्या मुलांनी मला आग्रहाने तो पाहावयास नेले. परत येताना नातवाने विचारले, “आजोबा, तुम्ही रहीमसाहेबांना खरंच पाहिलं होतं?” पाहिले होते; दोनदा, आणि दोन्ही वेळा फतेह मैदानाच्या कडेला उभे राहून, लांबून. बोलणे एकदाही झाले नाही. चित्रपट बरा आहे. तेवढे एकच, की पडद्यावरच्या चेंडूला वजन नसते. आमच्या चेंडूला होते. पावसात भिजलेला तो कातडी चेंडू, त्याच्या वादीची गाठ पुढे आलेली, अशा वेळी कपाळावर घेतला की संध्याकाळपर्यंत घरच्या माणसांची तोंडे दोन-दोन दिसत.

नातवाला मी एवढेच सांगितले. पुढचे सांगावयाचे राहिले, कारण ते सांगावयास काचीगुड्याच्या घरापासून सुरुवात करावी लागली असती.

त्या घरात ‘फायनल’ या शब्दाला एकच अर्थ होता. मॅट्रिकची परीक्षा ती मॅट्रिक, इंटरची ती इंटर, आणि बी. ए.ची ती फायनल. धाकटे आजोबा निजामाच्या महसूल खात्यात नोकरीला लागले तेव्हापासून आमची एक शाखा काचीगुड्यास होती. थोरली शाखा, म्हणजे आम्ही, नांदेड जिल्ह्यात शेतीवर. घराण्यातला जो कोणी मुलगा चार अक्षरे गिरवण्यात बरा निघे त्याला मनमाडच्या गाडीत बसवून काचीगुड्यास धाडावयाचे, काकांच्या घरी ठेवावयाचे आणि पदवी हाती आली की परत बोलावावयाचे, असा दोन पिढ्यांचा शिरस्ता होता. त्या शिरस्त्यातला मी शेवटचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि गाडी तीच, रूळ तेच, पण काकांचे घर एकाएकी परराज्यात जाऊन बसले. त्यात १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. माझे दोन चुलतभाऊ तिकडे गेले. मला मात्र वडिलांनी हैदराबादेसच पाठवले. का, ते त्यांनी कधी सांगितले नाही. ते स्वतः काचीगुड्याच्या त्याच ओसरीवर राहून इंटरपर्यंत शिकले होते आणि पुढे शेतीसाठी त्यांना परत जावे लागले होते, हे मला फार उशिरा उमगले.

स्टेशनपासून दहा मिनिटांच्या अंतरावर ज्याचे घर असते त्याच्याकडे पाहुण्यांना तोटा नसतो. राज्ये वेगळी झाली म्हणून नांदेड-परभणीच्या माणसांची हैदराबाद सुटली नाही. दुखणे असले की उस्मानिया दवाखाना. लग्न ठरले की बांगड्यांसाठी लाड बाजार आणि मोत्यांसाठी पत्थरगट्टी. जुन्या जमिनीचा कागद हवा असला की कोणत्या तरी कचेरीतला काकांच्या ओळखीचा कारकून. पाहुणा येताना रिकाम्या हाताने येत नसे. करडईच्या तेलाचा डबा, तुरीच्या डाळीचे गाठोडे, प्रवासात उरलेले धपाटे, काही ना काही आणीच. जाताना मात्र आठ-आठ दिवस जात नसे. माझी जागा ओसरीवर. एक कॉट, एक कंदील आणि भिंतीतला कोनाडा. पाहुणा आला की कॉट त्याची. दुसरा आला की कंदीलही त्याचा. मग मी पुस्तके उचलून मुसीकाठच्या आसफिया ग्रंथालयात जाऊन बसे आणि ते बंद झाले की सुलतान बाजारातल्या दिव्याखाली. मी तक्रार करतो आहे असे कोणी समजू नये. काकूने पंचवीस वर्षे त्या चुलीवर किती माणसे जेवू घातली याचा हिशेब केला, तर माझ्या कंदिलाचे नाव काढण्याची लाज वाटावी.

फुटबॉल मला या घरात कोणी शिकवला नव्हता. आमच्याकडे विटीदांडू आणि हुतूतू. निझाम कॉलेजात नाव दाखल झाले, आणि कॉलेजच्या शेजारीच फतेह मैदान. १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्याच्या वेळी औरंगजेबाच्या फौजेचा तळ तिथे होता, म्हणून ते विजयाचे मैदान, असे सांगतात. आम्हांला त्या विजयाशी कर्तव्य नव्हते. आमचा विजय सिटी पोलिसांचा. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे या संघाने मुंबईस जाऊन रोव्हर्स करंडक आणला होता. १९५० साली ड्युरँड करंडकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला हरवले होते. सायकलरिक्षा ओढणारापासून वकिलापर्यंत या गावात कोणालाही विचारावे, पाच वर्षांचे पाचही संघ तोंडपाठ. मुंबईकरांना क्रिकेटचे जे वेड, तेच वेड इथे या खेळाचे होते, आणि मी त्या वेडात कॉलेजच्या पहिल्या पावसाळ्यातच सापडलो. उंचीमुळे मला फुल-बॅकला उभे केले. बूट दुसऱ्याचे, एक नंबर मोठे. पुढे कापूस कोंबून घालीत असे.

मैदानावरची भाषा दखनी. घरी आम्हांला ती वर्ज्य नव्हती, पण ती बाजारची भाषा, भाजीवाल्याशी बोलावयाची. इथे ती अकरा जणांची होती. आमचा सेंटर-हाफ पोलीस लाइनीत वाढलेला, लेफ्ट-आऊट सिकंदराबादचा तमिळ, गोलरक्षक तेलुगू. सेंटर-हाफ ओरडे, “नक्को मारो मियाँ, पास देओ!” हा ‘नक्को’ आणि ‘मैंइच’, ‘तूइच’ मधला तो ‘च’ आपल्याच घरचा आहे, हे कळल्यावर मला त्या भाषेत पाहुण्यासारखे वाटेनासे झाले. सराव संपला की इराण्याच्या हॉटेलात दोन चहा चौघांत, आणि पैसे असले तर उस्मानिया बिस्कीट. काकूला मी सांगत असे, ग्रंथालयात होतो. तिने कधी माझ्या गुडघ्यांकडे पाहिले नाही, किंवा पाहून बोलली नाही.

आता रहीमसाहेब. हा मनुष्य मूळचा शिक्षक, आणि त्याचे शिकवणे मास्तराचेच होते. मुले ज्या विषयात कच्ची त्याचीच उजळणी अधिक. हिंदुस्थानी खेळाडू उजव्या पायाचे. म्हणून त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यांत नेहमीच्या पायाने चेंडू मारावयाचाच नाही. खेळाडूंना चेंडू पायाशी घोळवत बसण्याची सवय. म्हणून अशाही स्पर्धा की ज्यांत घोळवणेच बंद, आला की दुसऱ्याला द्यावयाचा. १९५१ साली दिल्लीस आशियाई खेळांत इराणला हरवून सुवर्णपदक आणि १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, हे याच मास्तरकीचे फळ. आमच्या कॅप्टनाने हे कोठून तरी ऐकले आणि फर्मान काढले: आठवडाभर डावा पाय. कोणी उजव्याने मारला तर चहाचे पैसे त्याचे.

माझा डावा पाय म्हणजे नुसता उभे राहण्यापुरता. पहिल्या दोन दिवसांत मी दिवाळखोर झालो. मग रात्री पाहुणे निजल्यावर ओसरीपुढच्या अंगणात चिंध्यांचा चेंडू करून भिंतीवर मारू लागलो, डाव्याने शंभर. एका रात्री परभणीचे एक वृद्ध पाहुणे चोर आला म्हणून काठी घेऊन उठले. हळूहळू पाय वळला. दिशा येईना, पण जोर आला.

४ सप्टेंबर १९६२ रोजी जाकार्त्यास दक्षिण कोरियाला दोन विरुद्ध एक गोलांनी हरवून रहीमसाहेबांच्या संघाने पुन्हा सुवर्णपदक घेतले. लाखभर प्रेक्षक भारताविरुद्ध ओरडत होते. जर्नेलसिंगच्या डोक्याला आधीच्या सामन्यात टाके पडलेले. त्याला मागून काढून पुढच्या फळीत घातला, आणि दुसरा गोल त्याचाच. संघात आमचे युसुफ खान आणि आमचे तुलसीदास बलराम. बलराम तर सिकंदराबादेकडच्या अम्मुगुड्याचे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राचा तो अंक इराण्याच्या हॉटेलात हातोहात फिरून फाटला. रहीमसाहेबांना त्याच वेळी कर्करोगाने ग्रासले होते, हे आम्हां पोरांना ठाऊक नव्हते.

त्याच महिन्यात वडिलांचे पत्र आले. आदल्या वर्षी इंग्रजीच्या पेपरात मी गेलो होतो आणि ते कळवण्यास मी विसरलो होतो. काकांनी आठवणीने कळवले होते. पत्र चार ओळींचे. यंदा फायनल न झाल्यास शिक्षण पुरे, पेरणीस माणूस हवाच आहे. शेवटी, “प्रकृतीस जपावे.” माझ्या वडिलांची पत्रे नेहमी अशीच, वाचणाराला वाटावे, तार करताना शब्दांचे पैसे वाचवले आहेत.

जानेवारीत आजी आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्या काळी शस्त्रक्रिया झाली की डोळ्यांवर पट्ट्या बांधून रोग्याला दिवसच्या दिवस उताणे निजवीत. डोके हलू नये म्हणून दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या. एक डोळा झाल्यावर दुसऱ्याची वाट पाहत ती काकांकडे राहिली. माझी कॉट अर्थातच तिची झाली. ती अंधारात पडून कंटाळे, आणि मला तिच्याजवळ बसण्याचे काम लावले होते. एके दिवशी ती म्हणाली, “काय वाचायलास ते मोठ्यानं वाच की.”

“आजी, इंग्रजी आहे.”

“मग मराठीत सांग.”

अशा रीतीने मी माझा सगळा इतिहास आजीला सांगितला. इंग्रजीत एक उतारा वाचावयाचा, मिटावयाचा, आणि तो मराठीत तिच्या गळी उतरवावयाचा. ती सोडणारी नव्हती. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीची सहा लग्ने ऐकून तिने प्रत्येक बायकोचे पुढे काय झाले ते विचारून घेतले आणि शेवटी, “आणि एवढं करून गादीवर बसली ती पोरगीच ना?” असा एलिझाबेथच्या राज्यारोहणाचा निकाल लावला. अर्थशास्त्रात मात्र तिला रस नव्हता. ‘मागणी वाढली की भाव वाढतो’ यात पुस्तकात लिहिण्यासारखे काय आहे, ते तिला शेवटपर्यंत कळले नाही. इतिहास संपला की ती म्हणे, “आता ते चेंडूचं सांग.” कारण पट्टी बांधलेल्या माणसापुढे खोटे बोलवत नाही, एका संध्याकाळी मी सारे सांगून टाकले होते. बूट, दखनी, डावा पाय, इंग्रजीचा पेपर. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “पायाला लागत नाही का रे?”

त्या वर्षी आमचे आंतरमहाविद्यालयीन सामने रेंगाळले. ऑक्टोबरात चीनशी युद्ध पेटले, कॉलेजात कवायती सुरू झाल्या, आणि फुटबॉलचे कोणाला सुचेना. अंतिम सामना शेवटी मार्चमध्ये आला, परीक्षेच्या तोंडावर, रविवारी, चार वाजता. आणि आजीला न्यावयास वडील त्याच रविवारी सकाळच्या गाडीने आले.

त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला, ओसरीवर बसून माझी पुस्तके एकेक उघडून पाहिली. दुपारी जेवणे झाली. तीन वाजले. माझी पिशवी कोनाड्यात, बूट तिच्यात. मी उठतो, बसतो. वडील म्हणाले, “कुठं जायचं आहे?” माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेवढ्यात कॉटवरून आजी म्हणाली, “त्याची आज फायनल आहे. जाऊ दे त्याला.”

वडील ताडकन उठले. “अरे मग बसलास काय? काल तरी सांगायचं! वहिनी, दही आहे का?” काकूने दही आणले. आजीने आपल्या नव्या जाड चष्म्यातून माझा तळहात शोधला, त्यावर दहीसाखर घातली, आणि माझ्याकडे पाहून हसली. तिने शब्दही खोटा बोलला नव्हता. मी वडिलांच्या पाया पडलो. त्यांनी खिशातले आपले पेन काढून मला दिले. ते पेन मी बुटांबरोबर पिशवीत घातले. आजही ते आठवले की मला कसेसेच होते.

सामन्याचे काय सांगावे! आमच्या तोडीचा संघ होता. पूर्वार्ध बरोबरीत. शेवटची वीस मिनिटे राहिली असताना मी टचलाइनवर चेंडू आणावयास गेलो, तो समोर धोतर, काळा कोट आणि टोपी. वडील! रविवारी कसली परीक्षा, ही शंका त्यांना मागाहून आली होती आणि ते चालत कॉलेजवर आले होते. दिवाणखाने बंद, वर्ग बंद. पहारेकऱ्याने त्यांना मैदानाकडे बोट दाखवले. ते काही बोलले नाहीत. चेंडू त्यांच्या वहाणेशी अडला होता. तो त्यांनी वाकून उचलला, क्षणभर हातात तोलून पाहिला आणि मला दिला.

त्यानंतर पाचेक मिनिटांनी चेंडू माझ्या डाव्या बाजूस आला. उजव्यावर घेण्यास सवड होती. मी डावा फिरवला. जोर होता, दिशा नव्हती. चेंडू सरळ त्यांच्या इनसाइड-राइटच्या छातीवर गेला, आणि तिथून आमच्या जाळ्यात. आम्ही एका गोलाने हरलो. सेंटर-हाफने येऊन माझ्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाला, “हौ मियाँ, रहीमसाब का पाँव था, हैदराबाद में नया आया।” सगळे हसले. मीही हसलो असेन.

वडिलांबरोबर घरी परत निघालो. आबिद, कोठी, सुलतान बाजार. एवढ्या वाटेत त्यांनी एक अक्षर काढले नाही. मी एका पायाने थोडा लंगडत होतो. कोठीपाशी त्यांनी चाल मंद केली. काही वेळाने म्हणाले, “आमच्या वेळेला तिथं हॉकी होती.” बस्स. मी वाट पाहिली, पण पुढे काही आले नाही. ‘आमच्या वेळेला’ असे काही असेल, हेच मला नवीन होते.

दारातच आजीने विचारले, “काय रे, झालास का पास?”

मी गप्प. वडील वहाणा काढीत होते. खाली पाहूनच म्हणाले, “नाही झाला. एका गोलानं गेला.”

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिला काही कळले नाही. आजीने तोंडाला पदर लावला.

रात्री गाडीवर पोचवावयास गेलो. मनमाडची ती लहान लाइनची गाडी, लाकडी बाक, आजीच्या उशाला तिचे गाठोडे. वडिलांनी पेन परत मागितले नाही. मी द्यावयास काढले, तर म्हणाले, “राहू दे. दुसरी फायनल आहे ना?”

दुसऱ्या फायनलीत मी झालो. फार वरच्या वर्गात नव्हे. इतिहासाचे गुण सर्वांत चांगले होते, आणि ते कोणामुळे हे सांगावयास नको. पेरणीला मी गेलो नाही. पुढे इथेच नोकरी लागली आणि इथलाच झालो. ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब वारले. ती बातमी मी त्याच इराण्याच्या हॉटेलात, उभ्याने वाचली. सेंटर-हाफ समोर होता. दोन चहा मागवले, ते निवले.

या गावातला फुटबॉल त्यानंतर एकदम संपला असे नाही. फतेह मैदानाला १९६७ साली लालबहादूर शास्त्रींचे नाव मिळाले, तेथे पुढे खेळापेक्षा इतर कार्यक्रम वाढत गेले; गल्लीगल्लीतली मोकळी मैदाने इमारतींनी भरली. २०२३ च्या फेब्रुवारीत बलराम गेले तेव्हा शेजारच्या तरुणांना ते कोण, हे मला सांगावे लागले. याचा राग मी कोणावर काढणार? माझ्या घरातही चित्रपट येईपर्यंत कोणाला माहीत नव्हते.

वडील नंतर अनेकदा आले. काकांकडे उतरत, पुढे माझ्याकडे. त्या रविवारचा उल्लेख त्यांनी केला नाही, आणि माझीही छाती झाली नाही. १९६५-६६ च्या संतोष करंडकाच्या अंतिम सामन्यात आंध्रने बंगालला हरवले. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांचे नांदेडहून पत्र आले. विहिरीचे काम, एका बैलाचे दुखणे, आजीचा चष्मा फुटला आहे तरी नवा करून पाठवावा, असा मजकूर. नेहमीच्या चार ओळी. पत्राच्या घडीत वर्तमानपत्राचा एक कपटा होता, कात्रीने नव्हे, पट्टी धरून नीट फाडलेला. त्यात त्या सामन्याची बातमी. पत्रात त्याविषयी काही लिहिले नव्हते.